तीनशे तासांचा प्रबंध: आर्किटेक्चरच्या ऑनर्स वर्षाची पूर्वतयारी

तीन-चार वर्षं स्टुडिओत घालवली की हाताला एक सवय लागते. विषय मिळाला की साइट बघायची, संकल्पना ठरवायची, प्लॅन-सेक्शन काढायचे आणि ज्यूरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, आपली बाजू लढवायची. ऑनर्सच्या संशोधनात ही सवय आडवी येते. तिथे परीक्षक विचारतो, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं, आणि तुमचं उत्तर चुकलं असतं तर ते तुम्हाला कशावरून कळलं असतं? या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नापाशी चांगले डिझाइन करणारे विद्यार्थीही अडखळतात. पुढे मास्टर्स किंवा पीएचडीचं संशोधन करायचं असेल, तर याच प्रश्नाची तालीम या वर्षात करायची असते.

प्रवेशाआधी: कागद नीट वाचा

'ऑनर्स' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरत नाहीत. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षांची पदवीच ऑनर्सची असते, स्कॉटलंडमध्ये ती चार वर्षांची. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत तीन वर्षांच्या पदवीनंतरचं स्वतंत्र वर्ष म्हणूनही ऑनर्स करता येतं. स्तरांचे आकडे तर आणखी गोंधळात टाकतात: इंग्लंडच्या चौकटीत ऑनर्स सहाव्या स्तरावर, स्कॉटलंडच्या चौकटीत दहाव्या आणि वरच्या तिन्ही देशांत आठव्या. चौकटी वेगळ्या असल्यामुळे या आकड्यांची आपसांत तुलना करू नका. त्या स्तराचं वर्णन आणि त्यात संशोधनाचा वाटा किती, एवढं बघा.

न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत ऑनर्सचं वर्ष १२० क्रेडिटचं असतं आणि त्यातले किमान ३० क्रेडिट संशोधनाचे असावे लागतात. एक क्रेडिट म्हणजे अंदाजे १० तासांचं काम. म्हणजे संशोधनाला हातात ३०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसदतीस दिवस. काही अभ्यासक्रमांत हा वाटा जास्त असतो, पण नवख्याने ३०० हाच आकडा डोक्यात ठेवावा. पुढचे सगळे निर्णय याच आकड्याशी ताडून घ्यायचे आहेत.

पुढच्या पदवीचं नावही आत्ताच तपासा. एमआर्क (मास्टर ऑफ आर्किटेक्चर) बहुतेक ठिकाणी व्यवसायाच्या नोंदणीकडे नेणारी, शिकवली जाणारी पदवी असते. एमफिल किंवा 'मास्टर्स बाय रिसर्च' ही संशोधनाची. दोन्ही मास्टर्सच, पण वाटा वेगळ्या. ऑस्ट्रेलियात ऑनर्सला प्रथम किंवा उच्च द्वितीय श्रेणी असेल तर मास्टर्स न करता थेट पीएचडीचा अर्ज करता येतो, म्हणून तिथे ऑनर्सच्या गुणांना फार वजन आहे. प्रथम श्रेणीची रेघ मात्र वेगवेगळी असते: ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांवर, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच विद्यापीठांत ८० किंवा त्याहून वर.

विभागाला ईमेल करून पाच गोष्टी विचारा: प्रबंधाची शब्दमर्यादा किती, एकूण गुणांत त्याचा वाटा किती, मार्गदर्शक कोण ठरवतं, प्रबंध डिझाइन स्टुडिओला जोडलेला आहे की सुटा, आणि नीतिसमितीच्या (माणसांशी संबंधित संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या) बैठका कधी असतात. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वर्षाचं गणित बहुतेक वेळा तिथेच बिघडतं.

विषय सोडा, प्रश्न धरा

'शाश्वत वास्तुकला', 'स्मृती आणि अवकाश', 'परवडणारी घरं' हे विषय आहेत. त्यांच्यावर वाचत बसलं तर ३०० तास सहज संपतात आणि हाती काही लागत नाही. विषयाचा प्रश्न होण्यासाठी त्यात चार गोष्टी याव्या लागतात: कोणती इमारत किंवा कागदपत्रं, त्यातला कोणता घटक, कशाशी तुलना, आणि काय मोजणार किंवा वाचणार.

एक उदाहरण घेऊ आणि ते पुढेही वापरू. विषय आहे 'ग्रंथालयातला नैसर्गिक उजेड'. पहिली पायरी: एकाच बाजूला खिडक्या असलेला वाचनकक्ष. दुसरी: टेबलावर पडणारा उजेड आणि वाचकांनी निवडलेली जागा. तिसरी: खिडकीजवळच्या आणि आतल्या रांगांची तुलना. चौथी: प्रत्येक रांगेतला उजेड आणि भरलेल्या जागा मोजणं. मग प्रश्न तयार होतो: 'एकाच बाजूने उजेड येणाऱ्या वाचनकक्षात वाचक जागा निवडतात ती टेबलावरच्या उजेडाप्रमाणे की खिडकीपासूनच्या अंतराप्रमाणे?' या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही नाही' असंही येऊ शकतं, आणि म्हणूनच प्रश्न चांगला आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून 'हो' ठरलेलं आहे, तो प्रश्न टाकून द्या. 'चांगल्या वास्तुरचनेमुळे माणसाचं जगणं सुधारतं का?' यावर नाही कोण म्हणेल?

प्रश्न ठरला की एका पानावर लिहा: प्रश्न, तो विचारण्याचं कारण, पुरावा कुठून येणार, पुरावा मिळालाच नाही तर काय. चौथा मुद्दा सगळे गाळतात. ग्रंथालयाने परवानगी नाकारली तर दुसरा कोणता कक्ष, हे पहिल्या महिन्यातच ठरलेलं असावं.

वाचन: किती आणि कुठे थांबायचं

फक्त गुगल स्कॉलरवर शोधलं तर वास्तुकलेतलं बरंचसं लेखन निसटतं, कारण या क्षेत्रातलं पुष्कळ साहित्य जुन्या नियतकालिकांत आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयाची वास्तुकला-नियतकालिकांची सूची त्यासाठीच आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ती बहुधा वापरता येते. इतिहासाच्या विषयाला जेस्टोर (लेखांचा ऑनलाइन संग्रह), इमारतीच्या भौतिक वर्तनाच्या विषयाला स्कोपस (लेखांची ऑनलाइन सूची). शोधताना कोणते शब्द टाकले, कोणत्या तारखेला, किती निकाल आले आणि किती ठेवले याची वही ठेवा. पद्धतीच्या प्रकरणात हा मजकूर जवळजवळ तसाच उतरतो.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी सुरू करा. ते फुकट आहे. मात्र आपोआप भरलेली नोंद जशीच्या तशी ठेवू नका. जुन्या नियतकालिकांत खंड आणि अंक यांची अदलाबदल झालेली असते, आणि वास्तुविशारदाचं नाव लेखकाच्या रकान्यात जाऊन बसलेलं असतं.

प्रत्येक लेखावर तीन ओळी लिहा: लेखकाने काय विचारलं, कशावरून उत्तर दिलं, आणि आपल्या प्रश्नाला त्यातून काय मिळतं. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो लेख बाजूला. नवीन लेखांच्या संदर्भसूचीत तीच ती नावं पुन्हा पुन्हा दिसायला लागली की थांबा. ८० तासांच्या वाचनात ४० ते ५० लेख नीट होतात. त्यापुढे वाचन हा लिहिणं टाळायचा सभ्य मार्ग होतो.

पद्धत: पुरावा कसा जमवणार

१९९३ मध्ये ब्रिटिश अभ्यासक ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी कला-डिझाइनमधल्या संशोधनाची तीन प्रकारे विभागणी केली: कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठी केलेलं. आर्किटेक्चरच्या विभागांत अजूनही हीच भाषा चालते. आपलं संशोधन कशात बसतं हे एका वाक्यात सांगता आलं की मार्गदर्शक पुष्कळसा निश्चिंत होतो.

*प्रत्यक्ष मोजमाप.* इमारत मोजताना एका भिंतीच्या टोकाला शून्य धरून सगळी मापं तिथूनच सलग घ्या. दार, मग खिडकी, मग कोपरा अशी तुकड्यांनी मापं घेतली तर प्रत्येक तुकड्यातली चूक पुढच्या मापात मिसळत जाते आणि शेवटी बेरीज जुळत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. ४ बाय ३ मीटरच्या खोलीचा कर्ण ५ मीटर यायला हवा, तो ५.०४ आला तर कोपरा जवळजवळ एक अंशाने उघडा आहे. कर्ण न घेतलेली जुनी इमारत संगणकावर नेहमी काटकोनातच उतरते, आणि मग भिंतींची जाडी कुठेतरी वाढवून-घटवून जमवावी लागते. ती जाडी खोटी असते. १:५० ला काढणार असाल तर सेंटिमीटरपर्यंत अचूकता पुरते. १:५ च्या तपशिलाला मिलिमीटर लागतो.

उजेड मोजायचा तर लक्समीटर (उजेड लक्स या एककात मोजणारं उपकरण) टेबलाच्या उंचीवर, एक मीटरच्या जाळीवर. मोजणाऱ्याची स्वतःची सावली मीटरवर पडते, ही सगळ्यांत जास्त घडणारी चूक. मीटर टेबलावर ठेवून मागे सरका. फक्त नैसर्गिक उजेड हवा असेल तर दिवे बंद करायला हवेत. ते शक्य नसेल तर अंधार पडल्यावर नुसत्या दिव्यांचं वाचन घेऊन ते दिवसाच्या आकड्यातून वजा करा. डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या उजेडाच्या किती टक्के आत पोचतो तो आकडा, काढताना आकाश पूर्ण ढगाळ असावं आणि आतलं-बाहेरचं वाचन एकाच वेळी व्हावं, म्हणजे दोन मीटर आणि दोन माणसं. उन्हाच्या दिवशी काढलेला डेलाइट फॅक्टर फेटाळायला परीक्षकाला एक मिनिटही लागत नाही. तुलनेसाठी लक्षात ठेवा: युरोपीय मानक ग्रंथालयाच्या वाचनजागेला ५०० लक्स आणि पुस्तकांच्या फळ्यांना २०० लक्स धरतं.

*निरीक्षण.* कक्षात ६० जागा आहेत आणि आठ तास दर अर्ध्या तासाला फेरी मारायची, तर दिवसाला १७ फेऱ्या. सहा दिवसांच्या १०२ फेऱ्या, म्हणजे ६,१२० नोंदी. प्रत्येक फेरीला छापील प्लॅनचा एक कागद, भरलेल्या जागेवर फुली. कागद संगणकात भरायला दहा मिनिटं धरली तरी १७ तास गेले. हा हिशेब आधी केला नाही तर नोंदी अर्ध्यावर टाकाव्या लागतात. आणि एक सापळा आहे: विजेचे प्लग कुठे आहेत? लॅपटॉपवाले प्लगजवळ बसतात, आणि प्लग बहुतेक वेळा भिंतीलगत, म्हणजे खिडकीजवळच असतात. प्लग, पंखे, दार, शौचालयाची वाट हे सगळं त्याच प्लॅनवर आधी दाखवा. नाहीतर प्लगचं श्रेय उजेडाला जाईल.

*अभिलेख.* नकाशे आणि जुनी छायाचित्रं हा पुरावाच आहे, पण तो कशाचा पुरावा आहे हे ओळखावं लागतं. परवानगीसाठी सादर केलेला नकाशा, कामावर वापरलेला नकाशा आणि प्रसिद्धीसाठी पुन्हा काढलेला नकाशा हे तीन वेगळे दस्तऐवज. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहे यांचा बार्सिलोना पॅव्हिलियन १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला आणि १९३० मध्ये उतरवला गेला. आज तिथे दिसतो तो १९८३ ते १९८६ या काळात त्याच जागी पुन्हा बांधलेला. आजच्या पॅव्हिलियनची मापं घेऊन १९२९ च्या बांधकामाविषयी विधान केलं, तर तुम्ही पुनर्बांधणी करणाऱ्यांचा अन्वयार्थ मोजलेला असतो. विषय पुनर्बांधणी असेल तर मात्र हाच पुरावा सोन्यासारखा आहे.

*सिम्युलेशन.* इमारतीचं मॉडेल संगणकावर चालवायला लागणाऱ्या हवामानाच्या फाइलमध्ये वर्षाचे ८,७६० तास असतात, पण हे 'प्रातिनिधिक' वर्ष बहुधा वेगवेगळ्या वर्षांतले महिने जोडून बनवलेलं असतं, आणि हवामान नोंदवणारं केंद्र अनेकदा विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर असतं. म्हणून तुम्ही गेल्या आठवड्यात खोलीत मोजलेलं तापमान आणि संगणकाने काढलेलं तापमान जुळणार नाही. मॉडेल चुकलं असं म्हणून आकडे ढकलत बसू नका. पडताळणीला त्याच आठवड्याचं प्रत्यक्ष हवामान वापरा. एका वेळी एकच घटक बदला. हवेची गळती, माणसांचं वेळापत्रक, काचेचे गुणधर्म यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेल्या किमती नजरेआड राहतात आणि निकाल मात्र त्याच ठरवतात. त्या सगळ्या परिशिष्टात द्या.

*डिझाइनमधून संशोधन.* सगळ्यांना हेच हवं असतं, कारण ते ओळखीचं वाटतं. पण तो सगळ्यांत अवघड पर्याय आहे. एक सुंदर प्रकल्प म्हणजे संशोधन झालं नाही. एकाच नियमात एकच गोष्ट बदलत काढलेले, समजा, नऊ पर्याय, ते कोणत्या कसोटीवर नापास झाले याची नोंद, आणि त्या नोंदीतून निघालेलं विधान असेल तर झालं. नापास पर्याय फेकू नका. तारीख घालून ठेवा.

नीतिसमिती

माणसांच्या मुलाखती, निरीक्षण, छायाचित्रं यांतलं काहीही असेल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. माहिती जमवून झाल्यावर केलेला अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. तशी मंजुरी सहसा मिळत नाही, आणि जमवलेली माहिती वापरता येत नाही. अर्जासोबत माहितीपत्रक, संमतिपत्र, प्रश्नांची यादी आणि माहिती कुठे, किती काळ ठेवणार याचा तपशील लागतो. दुरुस्तीसाठी परत येणं नेहमीचंच आहे, म्हणून सहा ते आठ आठवडे धरून चला.

आर्किटेक्चरमध्ये एक खास अडचण आहे. इतर विषयांत नाव बदललं की ओळख लपते. इथे घराचा प्लॅनच घर ओळखू देतो. मालकाचं नाव बदललं आणि उत्तर दिशा, रस्ता, पायऱ्यांसकट प्लॅन छापला, तर शेजाऱ्यालाही कळेल. प्लॅन आरसा-प्रतिमेत उलटवणं, परिसर गाळणं किंवा ओळख उघड करायची लेखी संमती घेणं, यातलं काय करणार ते अर्जातच लिहा. मात्र उजेडाचा अभ्यास असेल तर प्लॅन उलटवला की पूर्व-पश्चिम बदलते आणि निष्कर्ष निरर्थक होतो. तिथे संमतीच हवी.

मुलाखतींचा हिशेबही आधी करा. तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. ४५ मिनिटांच्या आठ मुलाखती म्हणजे २४ ते ३६ तास नुसतं टंकलेखन.

मार्गदर्शक आणि वेळापत्रक

दर दोन आठवड्यांनी भेट, भेटीच्या दोन दिवस आधी दोन-तीन पानं लिहून पाठवलेली, आणि भेटीनंतर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचा पाच ओळींचा ईमेल. स्टुडिओत भिंतीवर कागद लावून बोलता येतं. इथे लिहिलेलं नसेल तर मार्गदर्शकाला बोलायला काही उरत नाही.

वाचनकक्षाच्या उदाहरणाला ३०० तास असे वाटता येतील: वाचन ८०, प्रश्न-प्रस्ताव-नीतिसमिती ३०, निरीक्षण आणि मापं ६०, विश्लेषण आणि आकृत्या ५०, लेखन ६०, दुरुस्ती आणि मांडणी २०. स्टुडिओची सादरीकरणं कधी आहेत ते याच तक्त्यावर लिहा. त्या आठवड्यांत प्रबंधाला शून्य तास मिळतात, मनात कितीही असलं तरी.

आकृती हा पुरावा

प्रबंधातली आकृती सजावटीला नसते. प्रत्येकीखाली लिहा: ती कशाची आहे, कोणी काढली, कोणत्या स्रोतावरून आणि कोणत्या तारखेच्या स्थितीची. मोजलेल्या रेषा अखंड, अंदाजाने काढलेल्या तुटक, आणि हा नियम पहिल्या आकृतीपासून शेवटच्यापर्यंत तोच.

'१:५०' असं नुसतं लिहू नका, मोजपट्टी काढा. ए१ चा कागद ए३ वर आणला की मापं निम्मी होतात आणि १:५० चं १:१०० होतं, मजकूर मात्र १:५० च सांगत राहतो. ०.१३ मिलिमीटरच्या रेषा या घटीत नाहीशा होतात. अंतिम आकारात छापून बघितल्याशिवाय रेषांची जाडी ठरवू नका. अभिलेखागारातल्या नकाशाची प्रत मिळाली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. कागद संस्थेचा आणि स्वामित्वहक्क वास्तुविशारदाच्या वारसांचा, असं अनेकदा असतं. परवानगीचं पत्र लवकर पाठवा.

लेखन

सुरुवात पद्धतीच्या प्रकरणापासून करा. काय केलं ते तुम्हाला माहीतच असतं, त्यामुळे हात चालू होतो. मग निष्पत्ती, मग चर्चा. प्रस्तावना आणि सारांश सगळ्यांत शेवटी. १०,००० शब्दांच्या प्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावा २,००० ते २,५०० शब्दांपुढे जाऊ नये. सर्रास दिसणारं दृश्य वेगळंच: आढावा ५,००० शब्द, नमनाला घडाभर तेल, आणि स्वतः मोजलेल्या ६,१२० नोंदींना दोन पानं.

प्रत्येक परिच्छेदात एक दावा आणि त्याचा पुरावा असावा. स्टुडिओची भाषा इथे चालत नाही. 'अवकाश वापरकर्त्याशी संवाद साधतो' हे वाक्य ज्यूरीत खपतं. प्रबंधात परीक्षक समासात 'म्हणजे काय?' लिहितो. त्याऐवजी लिहा: 'खिडकीजवळच्या दोन रांगा सकाळी दहाच्या आत भरल्या, आतल्या रांगा दुपारनंतर.' मर्यादांचा भाग प्रामाणिकपणे लिहा, पण माफी मागत बसू नका. एकच कक्ष, एकच ऋतू, परीक्षेचे दिवस गृहीत धरलेले नाहीत, एवढं पुरे.

सादर केल्यानंतर

परीक्षकांचे शेरे आले की ते वाचून कपाटात टाकू नका. 'हे का तपासलं नाही?' असं जिथे लिहिलेलं असेल, तिथे बहुतेक वेळा पुढच्या संशोधनाचा प्रस्ताव दडलेला असतो. वाचनकक्षाच्या अभ्यासात ते 'हिवाळ्यात काय?' किंवा 'प्लग सगळीकडे समान असते तर?' असं असू शकतं. या प्रश्नावर १,५०० ते २,००० शब्दांचा प्रस्ताव लिहा: प्रश्न, आधी काय झालं आहे, तुमच्या ऑनर्समधून काय निघालं, पुढे काय आणि किती वेळात.

संभाव्य मार्गदर्शकाला पाठवायचा ईमेल एका परिच्छेदाचा असावा. त्यांच्या एका लेखाशी तुमचा प्रश्न कुठे जोडला जातो हे त्यात एका वाक्यात यावं, सोबत प्रस्ताव आणि प्रबंधाचा सारांश. पूर्ण प्रबंध मागितल्यावरच पाठवा. निरीक्षणाचे मूळ कागद, मापांच्या वह्या आणि न बदललेल्या फाइली तीन ठिकाणी जपून ठेवा, नीतिसमितीने ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत आणि तिने सांगितलेल्या जागीच.